सागरी वाहतुकीतील मानवी विश्वासार्हता व संघटनात्मक घटक : एक विवेचन

जहाजाच्या अपघातानंतर 'मानवी चूक' असे कारण नोंदवून चौकशी आटोपती घेण्याची प्रवृत्ती जुनी आहे. मानवी विश्वासार्हतेचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासशाखेला मात्र तेथे थांबता येत नाही. विशिष्ट परिस्थितीत नेमून दिलेले काम माणूस न चुकता पार पाडील याची संभाव्यता किती, हा तिचा मूळ प्रश्न होय. आणि ती परिस्थिती बहुतांशी संस्थाच निर्माण करीत असते.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झीब्रुग बंदरातून डोव्हरकडे निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही ब्रिटिश फेरीबोट बंदराबाहेर पडताच काही मिनिटांत कलंडली. १९३ जणांचा मृत्यू झाला. नाळेकडील, म्हणजे पुढील बाजूचे दरवाजे उघडे राहिल्याने वाहनांच्या डेकवर पाणी शिरले होते. ते बंद करणारा साहाय्यक बोसन आपल्या खोलीत झोपलेला होता. खात्री करून घेण्याची जबाबदारी मुख्य अधिकाऱ्याची. परंतु जहाज सुटण्यापूर्वी त्याने ब्रिजवर हजर असावे, असाही आदेश होता. कप्तानाला ब्रिजवरून दरवाजे दिसत नसत. बिघाडाची वार्ता आली नाही म्हणजे सर्व ठीक, अशी रीत होती.

बोसन शंभरात एकदा चुकेल व तपासणाराही शंभरात एकदाच चुकेल असे उदाहरणादाखल धरल्यास, दोन्ही चुका एकत्र घडण्याची संभाव्यता दहा हजारांत एक येते. परंतु हा गुणाकार दोन्ही कृती परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच योग्य ठरतो. तपासणाऱ्याला त्याच वेळी दुसरीकडे बोलावले आणि मौनालाच होकार मानले, की दुसरी तपासणी उरतच नाही. संभाव्यता पुन्हा शंभरात एकवर येते. स्वेन व गटमन यांनी १९८३ मध्ये अणुविद्युत केंद्रांसाठी मांडलेल्या 'थर्प' पद्धतीत या परावलंबित्वाचा स्वतंत्र विचार आहे.

१९८३ मध्येच याच कंपनीचे दुसरे जहाज उघड्या दरवाज्यांनिशी निघाले होते, आणि तेथेही साहाय्यक बोसन झोपलेलाच होता! दरवाज्यांची स्थिती दर्शविणारे दिवे ब्रिजवर बसवावेत, ही कप्तानांची मागणी किनाऱ्यावरील व्यवस्थापनाने थट्टेवारी नेली. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने दोष कंपनीच्या वरपासून खालपर्यंत असल्याचे नोंदविले. असे दिवे पुढे 'सोलास' करारातील १९८८ च्या दुरुस्त्यांनी बंधनकारक झाले.

१९९३ मध्ये स्वीकृत झालेली आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता १ जुलै १९९८ पासून प्रवासी जहाजांना लागू झाली. तिच्यानुसार कंपनीच्या सर्वोच्च व्यवस्थापनाशी थेट संपर्क असलेली एक व्यक्ती किनाऱ्यावर नेमावी लागते. जहाजावरून आलेल्या मागणीला तिच्यामार्फत उत्तर मिळते किंवा नाही, हे मूल्यमापकाने जहाजावर नव्हे, तर कार्यालयातील पत्रव्यवहारात पाहावे लागते.