पाच डेटाबेसांची रुजवात

ग्रंथालयाचा कारभार वरवर पाहता सर्वत्र सारखाच असतो. पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो, सभासद वर्गणी व अनामत भरतो, देवघेवीच्या टेबलावर नोंद होते, मुदत उलटली की दंडाची आकारणी होते आणि वर्षअखेरीस साठ्याची पडताळणी होऊन अहवाल तयार होतो. परंतु संस्थांची ऐपत आणि मनुष्यबळ सारखे नसते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता पावलेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातल्या लहानशा ‘ड’ वर्ग वाचनालयात जेथे एकच संगणक असतो आणि सर्व्हर सांभाळणारे कोणी नसते, तेथे सगळे दप्तर एका फाइलीत ठेवणारा एसक्यूलाइट हाच सोयीचा डेटाबेस ठरतो. तालुक्याच्या ग्रंथालयाला मायएसक्यूएल परवडतो, एखादे महाविद्यालय पोस्टग्रेएसक्यूएलचा आग्रह धरते, एखाद्या कार्यालयाने एसक्यूएल सर्व्हरचा परवाना पूर्वीच घेतलेला असतो, आणि मोठ्या संस्थेत ओरॅकल व त्याचे जाणकार दोन्ही आधीपासून हजर असतात. मी ज्या ग्रंथालय-प्रणालीवर काम करतो, तिला हे पाचही डेटाबेस चालवावे लागतात. ते कसे चालतात, याचा तपशील या लेखात द्यावयाचा आहे.

एकच डेटाबेस सक्तीचा करावा म्हणजे प्रश्नच मिटेल, असे म्हणता येईल. आणि ज्या प्रणालीचा सर्व्हर तिचे कर्तेच सांभाळतात, तिच्या बाबतीत ते योग्यही आहे. परंतु जेथे दप्तर संस्थेच्याच ताब्यात राहावयाचे असते, तेथे त्याचा रोजचा सांभाळ, त्याच्या प्रती काढून ठेवणे आणि बिघाड झाल्यास ते पूर्ववत उभे करणे ही कामे संस्थेच्याच माणसांकडे येतात, आणि ज्या डेटाबेसची त्यांना माहिती आहे त्यावरच ती नीट होतात. म्हणून निवडीची मुभा संस्थेला असली पाहिजे. ही मुभा देताना जे कर्तव्य आपल्यावर येते, त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. नोंदीचा अर्थ डेटाबेसच्या मर्जीवर सोडू नये; तो प्रणालीने स्वतः ठरवावा, आणि प्रत्येक डेटाबेस तोच अर्थ पाळतो याची सतत खातरजमा करावी.

या पाचही डेटाबेसांचे कूळ एकच आहे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, माहिती यंत्रात कोठे आणि कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्याला करावी लागू नये, हा विचार गणिताच्या पायावर मांडला. त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्या विचाराला साजेशी भाषा सादर केली, आणि तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. परंतु या भाषेचे पहिले अधिकृत प्रमाण अमेरिकेत १९८६ मध्ये ठरले, तोवर ओरॅकल बाजारात येऊन सात वर्षे लोटली होती. जुन्या ग्राहकांची कामे मोडू नयेत म्हणून निर्मात्यांनी आपापल्या पद्धती कायम ठेवल्या, आणि प्रमाणानेही अनेक बाबींचा निर्णय निर्मात्यांवरच सोपवला. त्यामुळे भाषा एक आणि वहिवाटी अनेक, अशी स्थिती निर्माण झाली.

काही भेद केवळ वाक्यरचनेचे असतात. शेवटी दाखल झालेली पंचवीस पुस्तके हवी असतील, तर मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांना ‘लिमिट’ म्हणावे लागते, एसक्यूएल सर्व्हरला ‘टॉप’, आणि ओरॅकलमध्ये २०१३ साली १२सी ही आवृत्ती येईपर्यंत ‘रोनम’ची तजवीज करावी लागे. असे भेद मिटविण्यासाठी प्रणाली आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक मधला थर ठेवतात. जावामध्ये हायबरनेट आणि पायथॉनमध्ये जँगो यांचे असे थर प्रसिद्ध आहेत. प्रणालीने आपली मागणी एकदाच सांगावी आणि थराने ती त्या त्या डेटाबेसच्या रचनेत लिहून द्यावी, अशी ही व्यवस्था असते, आणि ती उत्तम चालते. शब्द तोच असून त्याचे फळ मात्र निराळे मिळते, तेथे या थराचा उपाय अपुरा पडतो.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. आमच्या ग्रंथसूचीत संक्षिप्त शीर्षकासाठी तीस लांबीचा रकाना आहे. ‘ज्ञानेश्वर’ या नावात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. परंतु संगणकाच्या लेखी व्यंजने, हलन्तचिन्हे आणि मात्रा मिळून ती दहा चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापत असल्यामुळे नावाची लांबी बरोबर तीस बाइट भरते. त्याला एक दीर्घ वेलांटी लागून ‘ज्ञानेश्वरी’ झाले की तेहतीस. आता हा शब्द पाचही ठिकाणी भरून पाहावा. ओरॅकल, निराळे सांगितले नसेल तर, लांबी बाइटमध्ये मोजतो. तो ओआरए-१२८९९ या क्रमांकाची तक्रार करून प्रत्यक्ष लांबी ३३ आणि कमाल ३० असल्याचे बजावतो व नोंद नाकारतो. पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल चिन्हे मोजतात. त्यांच्या दृष्टीने रकान्यात अजून एकोणीस चिन्हांची जागा शिल्लक असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना युनिकोडचा नसून जुन्या साध्या प्रकारचा असेल, तर नोंद कोणत्याही तक्रारीविना स्वीकारली जाते आणि वाचायला गेले की अकरा प्रश्नचिन्हे हाती येतात. एसक्यूलाइट लांबीची मर्यादा पाळतच नाही. शंभर चिन्हांचे शीर्षक दिले तरी तो ते जसेच्या तसे ठेवून घेतो. दशमान पद्धत येण्यापूर्वी बाजारोबाजारी शेर हे नाव एकच असून वजन मात्र वेगवेगळे भरे, तशीच या ‘तीस’ची गत आहे.

यावर आम्ही ठेवलेली व्यवस्था अशी आहे. ओरॅकलमध्ये प्रत्येक रकान्याची लांबी चिन्हांत सांगितली जाते, एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचा प्रत्येक रकाना युनिकोडचाच असतो, मायएसक्यूएलमध्ये जास्तीचा मजकूर छाटून टाकण्याऐवजी तो नाकारणारी कडक पद्धत चालू असल्याशिवाय प्रणाली सुरूच होत नाही, आणि या सर्वांच्या आधी प्रणाली स्वतः चिन्हे मोजते. शीर्षक लांब असेल तर ते ग्रंथपालाला नोंद भरतानाच कळले पाहिजे, आणि पाचही ठिकाणी त्याच शब्दांत कळले पाहिजे.

दुसरा भेद रिकाम्या जागेचा. पुस्तकावर चिकटवलेला बारकोड दोन प्रतींना सारखा असता कामा नये, हा नियम उघड आहे. परंतु जुन्या संग्रहातील असंख्य पुस्तकांना बारकोड लावलेलाच नसतो. तेथे रकान्यात कोरा मजकूर ठेवला, तर चार डेटाबेस दुसरे कोरे पुस्तक द्विरुक्ती म्हणून अडवतात. ओरॅकल मात्र कोऱ्या मजकुराला ‘नल’, म्हणजे ‘मूल्यच नाही’, असे समजून कितीही पुस्तके आत घेतो. कोऱ्या मजकुराऐवजी सर्वत्र ‘नल’ ठेवले, तर ओरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांची हरकत नसते. पण एसक्यूएल सर्व्हर असे एकच पुस्तक मान्य करून दुसऱ्याला नकार देतो. म्हणून आमच्याकडे नियम असा की कोरा मजकूर साठवण्यापूर्वी प्रणालीच त्याचे ‘नल’ करते, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये द्विरुक्तीचा निर्बंध केवळ बारकोड असलेल्या पुस्तकांपुरताच लागू होईल अशी अट घातलेली असते. अर्थ पाचही ठिकाणी तोच राहावा, यासाठी एका ठिकाणी लेखन निराळे करावे लागले, तर ते अवश्य करावे.

मराठी वाचकाला तत्काळ खटकणारी गोष्ट म्हणजे अनुक्रम. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हे ‘व’च्या आधी बसले आहे, तर आपण शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने सभासदांची यादी लावली, तर काळे, कावळे, कासार असा क्रम लागतो. ग्रंथपालाला मात्र कावळे, कासार, काळे हा क्रम अपेक्षित असतो. तसेच क्षीरसागर हे आडनाव ‘क’च्या शेवटी जाऊन बसते आणि खरे त्यांच्यानंतर येतात, वास्तविक ‘क्ष’चे स्थान वर्णमालेच्या अखेरीस आहे. प्रत्येक डेटाबेसमध्ये अनुक्रमाचे नियम निवडण्याची सोय आहे, पण ते नियम परस्परांशी जुळतीलच असे नाही, आणि काही ठिकाणी ते संगणकाच्या मूळ व्यवस्थेवरही अवलंबून असतात. म्हणून प्रणाली प्रत्येक नावाबरोबर एक स्वतंत्र अनुक्रम-रकाना ठेवते, ज्यात प्रत्येक वर्णाला वर्णमालेतील स्थानानुसार ठरावीक लांबीचा अंक दिलेला असतो. केवळ अंकांनी बनलेल्या अशा मजकुराचा क्रम पाचही डेटाबेस सारखाच लावतात.

देवघेवीच्या वेळचा प्रसंग अधिक नाजूक असतो. एकाच प्रतीवर दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी हक्क सांगितला गेला तर काय व्हावे? ‘प्रत उपलब्ध आहे का’ असे आधी विचारून मग ‘दिली’ अशी नोंद करण्याची पद्धत धोक्याची ठरते, कारण दुसरा व्यवहार अपुरा असताना प्रश्नाचे उत्तर कसे द्यावयाचे, हे प्रत्येकजण आपल्या रीतीने ठरवतो. ओरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल आधीची पक्की झालेली स्थिती दाखवतात. एसक्यूएल सर्व्हर त्याच्या मूळ मांडणीत वाचणाऱ्याला थांबवून ठेवतो. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतो. यावर उपाय असा की प्रश्न आणि नोंद एकाच हुकमात आणावयाची. ‘प्रत उपलब्ध असेल तरच ती दिली असे लिही’ एवढेच सांगावे, आणि किती नोंदी बदलल्या ते पाहावे. एक बदलली तर पुस्तक आपल्या सभासदाचे. शून्य असेल तर ते दुसऱ्या खिडकीवरून गेले. या हुकमाचा अर्थ पाचही ठिकाणी अबाधित राहतो, म्हणून तीच रीत आम्ही प्रमाण मानली.

प्रणालीची नवी आवृत्ती आली की दप्तराच्या रचनेतही बदल होतात. पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट यांत रचनेतले बदल मध्येच अडले तर पूर्ववत करता येतात. ओरॅकल आणि मायएसक्यूएल यांत रचनेचा प्रत्येक बदल तत्क्षणी पक्का होतो, आणि काम अर्ध्यावर थांबले तर दप्तर दोन आवृत्त्यांच्या मध्ये लोंबकळत राहते. म्हणून प्रत्येक बदल लहान, क्रमांकित पायऱ्यांत विभागलेला असतो आणि पूर्ण झालेल्या पायरीची नोंद वेगळ्या टेबलात होते, जेणेकरून खंड पडला तेथूनच काम पुढे चालू करता यावे.

हे सर्व नियम कागदावर कितीही निर्दोष दिसले, तरी त्यांची कसोटी रात्री लागते. दर रात्री पाचही कोरे डेटाबेस उभे केले जातात, प्रत्येकाची आम्ही मान्य केलेली सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आवृत्ती घेतली जाते, त्यांत तीच पुस्तके, तेच सभासद, तेच व्यवहार भरले जातात आणि मिळालेल्या उत्तरांची ओळीओळीने रुजवात होते. चूक झाली की यंत्र ओरडते, त्यामुळे ती पकडणे सोपे. उत्तर मिळते पण ते इतरांहून वेगळे असते, तेव्हा ही रुजवातच उपयोगी पडते. एका डेटाबेसमधील संपूर्ण दप्तर बाहेर काढून दुसऱ्यात भरायचे आणि पुन्हा ताळा घ्यायचा, हेही त्यातच येते, कारण निवडलेला डेटाबेस पुढे बदलण्याची पाळी संस्थेवर आली, तर तिची एकही नोंद गहाळ होता कामा नये. पाचांपैकी एकाही ठिकाणी फरक निघाला, तर नवी आवृत्ती ग्रंथालयांकडे जात नाही.

या व्यवस्थेची किंमत द्यावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलचे विशेष प्रकार किंवा ओरॅकलमध्येच लिहून ठेवता येणाऱ्या कार्यपद्धती यांचा मोह टाळावा लागतो, शब्दशोधाची व्यवस्था डेटाबेसच्या बाहेर करावी लागते, आणि प्रत्येक नव्या सुविधेचे काम पाच वेळा तपासावे लागते. ज्यांना हे मनुष्यबळ परवडत नाही, त्यांनी एकच डेटाबेस स्वीकारावा आणि तो उत्तम रीतीने चालवावा. त्यात कोणताही कमीपणा नाही. परंतु ‘सर्व डेटाबेसांवर चालते’ असे माहितीपत्रकात छापणे ही जबाबदारी आहे, आणि ज्या डेटाबेसवर रोजची तपासणी होत नाही त्याचे नाव तेथे असू नये. ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनाही माझी विनंती आहे की, प्रणाली विकत घेताना किमतीबरोबर तिच्या तपासणीचा लेखी अहवालही मागावा, आपल्याच डेटाबेसवर आपल्या डोळ्यांदेखत एक मराठी नोंद भरून, शोधून आणि अनुक्रमाने लावून घ्यावी, आणि ती बिनचूक उतरली तरच करारावर सही करावी.