ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर गळ टाकताना

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आधीच विचारलं, की मासे पकडण्यावर तासभर काय बोलणार? गरीला आमिष लावायचं, पाण्यात सोडायचं आणि बसून राहायचं. खरं सांगायचं तर आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटायचं. आम्ही म्हणजे सिडनीत राहणारे चार-पाच जण, बहुतेक रायगड-रत्नागिरीकडचे, सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून गरवायला जाणारे. लहानपण खाडीकाठी गेलेलं, त्यामुळे समुद्र आपल्याला कळतो अशी घमेंड होती. ती एका सकाळी उतरली.

हिवाळ्याचे दिवस होते. सिडनीच्या दक्षिणेला एका खडपावर उभे होतो. आकाश निरभ्र, वारा अजिबात नाही, पाणी तळ्यासारखं. मागे जरा उंचावर एक म्हातारे स्थानिक गृहस्थ गरवत होते. त्यांनी दोनदा हाक मारून वर यायला सांगितलं. आम्ही हसून हात हलवला. चाळीसएक मिनिटं काही झालं नाही. मग एक लाट आली. फुटली नाही, आवाज केला नाही, नुसती फुगून वर चढली आणि कमरेपर्यंत पाणी झालं. बादली, पिशवी, दोन रॉड गेले. आमच्यातला एक जण पंधरा-वीस फूट घसरत गेला आणि काठाच्या अलीकडे एका कपारीत अडकला म्हणून राहिला. गुडघ्याला नि हाताला टाके पडले, तेवढ्यावर निभावलं. लाइफ जॅकेट एकाच्याही अंगावर नव्हतं.

त्या दिवसानंतर आम्ही वाचायला लागलो, विचारायला लागलो. त्यातून जे कळलं ते आज सांगायचं आहे, कारण इथे खडकावरून गरवताना दरवर्षी माणसं बुडतात आणि त्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण मोठं असतं. पोहता येणारेही त्यांत असतात.

वारा नसताना लाट आली कुठून? आपण दोन प्रकारच्या लाटा एकच समजतो. एक असते जवळच्या वाऱ्याने उठलेली. ती आखूड, खडबडीत असते, डोळ्यांना लगेच दिसते. दुसरी असते हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या वादळात जन्मलेली. टास्मान समुद्रात किंवा त्याच्याही दक्षिणेला वादळ होतं, तिथून लाटा सुटतात आणि दोन-तीन दिवसांनी सिडनीला पोचतात, तेव्हा इथे छान ऊन पडलेलं असतं. हिला इथे 'स्वेल' म्हणतात. खोल समुद्रात ती दिसतच नाही म्हणा ना! दोन लाटांमध्ये सहा सेकंदांचं अंतर असेल तर एका लाटेची लांबी साधारण ५६ मीटर भरते. बारा सेकंदांचं असेल तर ती दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे सुमारे २२५ मीटर. एवढं लांबलचक पाणी खडकापाशी येतं तेव्हा ते आदळून मागे फिरत नाही, चढतच राहतं.

आता कोकणातलं डोळ्यांचं वळण इथे का फसतं ते बघा. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या वर ओढतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर तो निवळतो. बाकीचे आठ महिने आभाळ स्वच्छ तर समुद्र शांत, हे गणित बहुतेक वेळा जमतं. शिवाय मुंबईसमोर समुद्राचा तळ दोनशेहून जास्त किलोमीटर उथळच असतो. लांबून आलेल्या लाटेचा बराचसा जोर त्या तळाशी घासून कमी होतो. सिडनीसमोर ही उथळ पट्टी तीस-चाळीस किलोमीटरची, आणि काही खडपांच्या तर थेट पायाशी दहा-पंधरा मीटर पाणी. लाट दमून येत नाही, ताजीच येते. भारतात हा अनुभव केरळच्या किनाऱ्याला आहे. तिथे अशा बिनवाऱ्याच्या लाटांना 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आम्हाला हा शब्द आधी माहीत असता तर बरं झालं असतं.

भरती-ओहोटीचं मात्र उलटं आहे. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत वरखाली होतं, सिडनीत जेमतेम दोन मीटर. तिथी मोजून गरवणारे इथेही तिथी मोजू शकतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, चंद्र तोच आहे. पण स्वेल पंचांगात नसते. त्यासाठी हवामान खात्याचा सागरी अंदाज बघावा लागतो, आणि तो कसा वाचायचा हे कुणी सांगत नाही.

त्यात तीन गोष्टी बघायच्या: लाटेची उंची, दोन लाटांतले सेकंद आणि दिशा. उंची दीड मीटर लिहिली असेल तर ती सर्वांत मोठ्या लाटेची नसते. ती सगळ्या लाटांमधल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या दुप्पट, म्हणजे तीन मीटरची येऊ शकते, आणि आपण तिथे तीन तास उभे राहणार असू तर ती बहुधा आपण असतानाच येणार. सेकंद दहाच्या वर असतील तर आम्ही खडपाचा विचार सोडून देतो. दिशा बघायची ती आपला खडक कुठे तोंड करून आहे त्यासाठी. दक्षिणेची स्वेल असेल तर उत्तरेकडे तोंड असलेली जागा पुष्कळ शांत राहते.

जागेवर पोचल्यावर लगेच खाली उतरायचं नाही. उंचावर अर्धा तास बसून चहा प्यायचा आणि बघायचं. मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, पाच-सहांचा घोळका येतो आणि मग बराच वेळ सामसूम. आपण येतो ते नेमके त्या सामसुमीत. खडक ओला असेल आणि पाऊस पडलेला नसेल, तर तिथपर्यंत पाणी आलेलं आहे, दुसरा अर्थ नाही. आणि समुद्राकडे पाठ करून आमिष लावत बसू नये, हे आमच्या कोकणातल्या आजोबांनीही सांगितलं असतं.

कायद्याचं सांगतो. न्यू साऊथ वेल्समध्ये २०१६ साली खडकावरच्या मासेमारीसाठी वेगळा सुरक्षा कायदा झाला. जाहीर केलेल्या भागांत लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. सुरुवात सिडनीच्या रँडविक भागापासून झाली, नंतर इतर काही भाग जोडले गेले. आमचं मत विचाराल तर भाग कुठला हे बघूच नका, जॅकेट घाला. अनेक खडपांवर खांबाला अडकवलेली 'एंजल रिंग' दिसते, म्हणजे फेकायचं तरंगतं कडं. गेल्या गेल्या ती कुठे आहे ते बघून ठेवायचं. कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. कडं फेकायचं आणि ००० ला फोन लावायचा. आणि स्वतः पडलात तर खडकाकडे पोहू नका. हे मनाला पटायला फार कठीण जातं, पण पुढची लाट त्याच खडकावर आपटते. बाहेर, खोल पाण्याकडे सरकायचं, तरंगत राहायचं आणि मदतीची वाट बघायची. जॅकेट असेल तरच हे जमतं.

मग नवख्याने गरवायचं कुठे? खाडीत. आपलं बालपण जिथे गेलं तिथेच. सिडनीच्या दक्षिणेला बॉटनी बे, उत्तरेला पिटवॉटर आणि हॉक्सबरी नदी, त्याच्याही पुढे लेक मॅक्वारी. बॉटनी बे आणि लेक मॅक्वारी २००२ पासून हौशी मासेमारांसाठी राखीव आहेत, तिथे व्यापारी जाळी लागत नाहीत. मासेही ओळखीचे निघतात. इथली सँड व्हायटिंग म्हणजे आपल्या मुडदुशीची सख्खी बहीण. हॉक्सबरीच्या कोवन फाट्यात हिवाळ्याच्या रात्री हेअरटेल लागतो, तो हातात आल्यावर आमच्यातला एक ओरडलाच, "अरे, ही तर वाकटी!" उलट स्नॅपर म्हटल्यावर आपल्याला तांबोशी आठवते, पण इथला स्नॅपर त्या कुळातला नाही, तो ब्रीमच्या घराण्यातला.

सिडनी हार्बरचं एक जपा. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला मासा खायचा नाही, सोडून द्यायचा. होमबुश बे भागातल्या जुन्या रासायनिक उद्योगांमुळे गाळात डायॉक्सिन बसलं आहे. २००६ मध्ये तिथली व्यापारी मासेमारी याच कारणाने बंद झाली. पुलाच्या पूर्वेकडचा मासाही महिन्याला १५० ग्रॅमपर्यंतच खावा असा सरकारी सल्ला आहे.

होडी घ्यायची हौस सगळ्यांनाच येते. पहिली होडी बहुधा 'टिनी', म्हणजे ॲल्युमिनियमची चार मीटरच्या आसपासची, मागे आउटबोर्ड इंजिन, ट्रेलरवरून रॅम्पवर नेऊन सोडायची. या राज्यात दहा नॉट किंवा जास्त वेगाने चालवायची तर परवाना लागतो. खाडीत ती झकास. आम्हाला भीती वाटते ती टिनी घेऊन बाहेरच्या समुद्रात जाण्याची, कारण मधे 'बार' लागतो. नदीच्या तोंडाशी साठलेला वाळूचा दांडा. कोकणातल्या खाड्यांनाही तो असतोच. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून स्वेल आत येते, दोघांची गाठ दांड्यावर पडते आणि लाट भिंतीसारखी उभी राहते. नरूमा, बॅलिना इथले बार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ओलांडायचा तर भरती चढत असताना; सगळ्यांच्या अंगावर जॅकेट, तो कायदाच आहे; आणि एकदा आत शिरल्यावर मधेच होडी वळवायची नाही, कारण आडवी झालेली होडी उलटते. निघण्यापूर्वी मरीन रेस्क्यूच्या स्वयंसेवकांकडे नोंद करायची, परत आल्यावर आठवणीने ती बंद करायची. दोन सागरी मैलांपलीकडे जायचं तर संकटात उपग्रहाला खूण देणारं यंत्र, म्हणजे ईपर्ब, होडीत हवं. उन्हाळ्यात दुपारनंतर 'सदर्ली बस्टर' नावाचा दक्षिण वारा येतो, काही मिनिटांत तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरतं. सकाळच्या उकाड्यावर जाऊ नका, अंदाज बघा.

नियम राज्यागणिक बदलतात. न्यू साऊथ वेल्समध्ये पाग टाकायला बंदी आहे, क्वीन्सलँडमध्ये ठरलेल्या मापाचा चालतो. न्यू साऊथ वेल्समध्ये फ्लॅटहेड ३६ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि ७० पेक्षा मोठाही नाही, कारण त्या मोठ्या बहुधा अंडी घालणाऱ्या माद्या असतात. उत्तरेचा बारामुंडी हाच न्याय उलगडून दाखवतो. बारामुंडी म्हणजे आपला जिताडा, अगदी तीच जात. तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणून क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ ते १२० सेंटिमीटरमधलाच ठेवायचा. पेण-अलिबागकडचे श्रोते हे ऐकून अस्वस्थ होतील, पण मोठा जिताडा इथे पाण्यात परत जातो. तिकडे मगरींसाठी पाण्याच्या काठापासून पाच मीटर लांब राहायचं आणि मासा काठावर साफ करायचा नाही, हेही लक्षात ठेवा.

आमिषाबद्दल एकच. दुकानातली खाण्याची कच्ची कोळंबी गरीला लावू नका. २०१६ मध्ये क्वीन्सलँडच्या लोगन नदीकाठच्या कोळंबीशेतीत व्हाइट स्पॉट रोग पसरला. माणसाला त्याने काही होत नाही, पण परदेशातून आलेल्या कच्च्या कोळंबीतून तो पाण्यात जाऊ शकतो. आमिषाच्या दुकानातलीच घ्या.

मागून एक ताई विचारतायत, की भारतातून आई-बाबा आलेत, बाबांना गरवायची हौस आहे, कुठे नेऊ? ताई, त्यांना हॉक्सबरीवर ब्रुकलिनला न्या. ट्रेन थेट जाते, स्टेशनातून बाहेर पडलं की पाणी. पाहुण्यांनाही शुल्क भरावं लागतं, तीन दिवसांचं सात डॉलर आहे. हलकी दोरी, लहान गरी, शिसं शक्य तितकं कमी. भरती चढायला लागल्यावर बसवा, संध्याकाळपर्यंत ब्रीम लागावा. आणि मोजपट्टी तुमच्याकडे ठेवा, कारण पंचवीस सेंटिमीटरपेक्षा लहान ब्रीम सोडायला बाबा सहजी तयार होणार नाहीत.