पुळण पावसाळ्यात कुठे जाते?

जुलै-ऑगस्टमध्ये नागाव किंवा काशीदला गेलात, तर हिवाळ्यात पाहिलेली पुळण बरीच खचलेली दिसेल. कुठे सुरूची मुळेही उघडी पडलेली. ही वाळू चोरीला गेलेली नसते, निदान सगळी तरी नाही. पावसाळ्यातल्या उंच, लागोपाठ आदळणाऱ्या लाटा ती खेचून उथळ समुद्रात नेतात. तिथे तिचे किनाऱ्याला समांतर बांध तयार होतात. मागे उरतात ते जड, काळे कण, बेसॉल्ट झिजून आलेली लोहयुक्त खनिजे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो आणि लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात.

धोका आहे तो या बांधांमधल्या खाचांत. किनाऱ्याकडे आलेले पाणी तिथून जोराने परतते. वरून तो पट्टा शांत दिसतो, म्हणून पर्यटक नेमके तिथेच उतरतात. दिवाळीच्या सुट्टीतही तळ सारखा झालेला नसतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. तेही जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.