रिकामा रकाना

शीटमध्ये प्रत्येक विषयाला एक ओळ होती आणि ओळीत आठ रकाने: विषयाचं नाव, सत्र, क्रेडिट, व्याख्यानं, प्रात्यक्षिकं, क्षेत्रभेटी, स्वयंअध्ययन, परीक्षा. आमच्या विभागाने ते भरून जर्मनीला पाठवलं तेव्हा सातवा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा होता. आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पहिली ऑनलाइन बैठक झाली तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजले होते, तिकडे सकाळचे आठ. तिकडच्या समन्वयक प्राध्यापिकांनी नेमका तोच रकाना पडद्यावर मोठा केला आणि विचारलं, तास संपल्यावर तुमचा विद्यार्थी काय करतो? इकडे आम्ही पाच जण बसलो होतो. ‘‘अभ्यास करतो,’’ विभागप्रमुख म्हणाले. ‘‘किती तास?’’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

भूजलशास्त्राचा दोन वर्षांचा एमएस्सी अभ्यासक्रम दोन विद्यापीठांनी मिळून आखायचा, विद्यार्थ्याने एक वर्ष इथे आणि एक वर्ष तिथे शिकायचं आणि शेवटी दोन्हीकडच्या पदव्या घ्यायच्या, असं ठरलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अशा दुहेरी पदवीला वाट करून दिली. नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण असलेल्या किंवा एनआयआरएफच्या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या विद्यापीठाला जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असलेल्या परदेशी विद्यापीठाशी असा करार करताना आयोगाकडे वेगळी परवानगी मागावी लागत नाही. किमान ३० टक्के क्रेडिट भारतातल्या संस्थेत मिळवावे लागतात आणि ऑनलाइन शिकवून हे भागवता येत नाही. परदेशी सहकार्य आपल्या भागाला नवीन नाही. पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ ‘युरोकल्चर’ या युरोपीय विद्यापीठांच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं युरोपबाहेरचं भागीदार राहिलं आहे. त्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी तिसऱ्या सत्रात संशोधनासाठी इकडे येऊ शकतात. एका सत्रासाठी पाहुणे येणं वेगळं आणि दोन घरांनी मिळून एक स्वयंपाक करणं वेगळं. आम्हाला दुसरं करायचं होतं.

अडलं ते क्रेडिटच्या हिशेबावर. युरोपात १९८९ मध्ये इरास्मस योजनेखाली क्रेडिटची ही पद्धत सुरू झाली, ती विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात गेला तर त्याचं शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून. वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास. हे तास विद्यार्थ्याचे असतात, शिक्षकाचे नव्हेत. वर्गात बसलेला वेळ, ग्रंथालयातला, प्रयोगशाळेतला, घरी टेबलाशी घालवलेला, परीक्षेच्या तयारीचा, सगळा त्यात येतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं हिशेब उलट्या बाजूने होत आला. आठवड्याला एक तास शिकवलं की सत्राला एक क्रेडिट, पंधरा आठवड्यांचे पंधरा तास. प्रात्यक्षिक असेल तर दोन तासांना एक. मोजदाद शिक्षकाच्या तोंडून बाहेर पडलेल्या तासांची. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने एका क्रेडिटला विद्यार्थ्याचे ३० तास ठरवले, पण वेळापत्रक बनवताना हात अजून जुन्याच सवयीने चालतो. म्हणून सातवा रकाना रिकामा.

आमचा ४ क्रेडिटचा पेपर त्यांच्या ६ क्रेडिटशी जुळवायचा होता. आमचे ३० तासांनी १२०. त्यांनी सगळ्यात कमी दर धरला तरी २५ तासांनी १५०. मधले ३० तास कुठून आणायचे, यावर पाच बैठका गेल्या.

मला सुरुवातीला ही कारकुनी वाटली. मग एक दिवस दुसऱ्या वर्षाच्या काही मुलांना बोलावलं आणि पंधरा दिवस रोज कुठला तास कशात गेला ते लिहून द्यायला सांगितलं. त्या वह्या मी अजून ठेवल्या आहेत. एकाच्या वहीत सकाळी अकरा ते पाच वर्ग, साडेपाच ते नऊ झेरॉक्सच्या दुकानात काम, मग मेसचा डबा आणि झोप. एका मुलीने लिहिलं होतं की खोलीत चौघी आहेत, टेबल एक आहे, आणि त्यावर तिचा नंबर रात्री अकरानंतर लागतो. एक मुलगा दर शनिवारी एसटीने गावी जातो, कांद्याची लागण चालू होती, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. आम्ही त्यांना आठवड्याला चोवीस-पंचवीस तास वर्गात बसवत होतो, आणि मग वाचत का नाहीत म्हणून त्यांनाच बोलत होतो. त्या वह्यांनंतर तो रकाना मला कारकुनीचा राहिला नाही.

व्याख्यानं कमी करायची, हे तर्काने सरळ होतं. ६० तासांच्या जागी ४०, आणि उरलेल्या वेळात मुलांनी स्वतः करायचं काम नेमून द्यायचं, तपासायचं. तिकडे हे एका ईमेलमध्ये मंजूर झालं. आमच्याकडे अभ्यास मंडळाच्या बैठकीत एक तरुण सहकारी उठून उभे राहिले. ते तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे जितके तास घेतील तितक्या तासांचे पैसे. ‘‘मॅडम, वीस तास कमी केले म्हणजे माझा महिन्याचा किराणा कमी केला,’’ ते म्हणाले. सगळे गप्प झाले. कायम प्राध्यापकांनाही आठवड्याचा कार्यभार दाखवावा लागतो, सहायक प्राध्यापकाला १६ तास. कार्यभार घटला की पद धोक्यात येतं. जर्मनीतल्या मंडळींना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना आधी ते कळलंच नाही, आणि कळल्यावर समन्वयक प्राध्यापिका बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी तोडगा असा निघाला की मुलांचं स्वतंत्र काम पाहण्याचे, वह्या तपासण्याचे, विहिरीवर सोबत जाण्याचे तासही वेळापत्रकात नावानिशी लावायचे आणि त्यांचं मानधन व्याख्यानाच्या दराने द्यायचं. प्रशासनाकडून ते मंजूर व्हायला सात महिने लागले. परदेशी सहकार्याचा कुठलाही आराखडा तासिका तत्त्वावरच्या माणसाला विचारल्याशिवाय करू नये, असं मी आता प्रत्येक समितीत सांगते.

गुणांचीही अशीच गोष्ट. जर्मनीत १.० सर्वांत उत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. आमच्याकडे १० उत्तम. रूपांतरासाठी तिकडे एक सूत्र सर्रास वापरतात: सर्वाधिक शक्य गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि किमान पास यांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. ७.६ सीजीपीए असलेल्या मुलीचं आम्ही करून पाहिलं. पास होण्याची रेघ ४ वर धरली तर २.२ येतं, ५ वर धरली तर २.४४. मुलगी तीच, तिचे कष्ट तेच. आम्ही कुठली रेघ लिहून पाठवतो यावर तिची पीएचडीची जागा ठरू शकते. म्हणून ती रेघ करारातच छापली, दरवर्षीच्या पत्रव्यवहारावर सोडली नाही. सत्रांच्या तारखा जुळवणं त्या मानाने सोपं गेलं. तिकडचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, आम्ही पहिलं वर्ष इथे ठेवलं आणि मधली जागा क्षेत्रकामाला दिली.

आता ते ३० तास.

भूजलशास्त्राचं पाठ्यपुस्तक उघडलं की पहिल्या काही प्रकरणांत डार्सीचा नियम येतो. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात हेन्री डार्सीने वाळूतून पाणी गाळून पाहिलं, १८५६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. जर्मनीतल्या मुलांना हे नीट कळतं, त्यांच्याकडे वाळू-गोट्यांचे जाड थर पाणी धरून असतात. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा. इथे पाणी मुरमात, खडकाच्या भेगांत, दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. एका विहिरीला मार्चपर्यंत पाणी आणि पन्नास पावलांवरची दुसरी दिवाळीला कोरडी. आमच्या मुलांना डार्सी पाठ असतो आणि आजोबांची विहीर कशी चालते ते समीकरणात मांडता येत नाही. तिकडच्या मुलांनी तर अशी विहीर पाहिलेलीच नसते. आम्ही ‘कठीण खडकातलं भूजल’ हा विषय नव्याने, दोघांनी मिळून लिहिला, आणि राहिलेले ३० तास त्यातल्या एका कामाला दिले: प्रत्येकाने एक विहीर घ्यायची आणि पावसाळ्याच्या सुरुवातीपासून दर आठवड्याला तिची पातळी मोजायची. एक उपसा चाचणीही करायची. मोटर चालू करून पाणी किती वेळात किती उतरतं, बंद केल्यावर किती वेळात परत चढतं, ते मिनिटामिनिटाला टिपायचं.

पहिल्या तुकडीच्या चाचणीला त्या प्राध्यापिका स्वतः आल्या. सासवडच्या पुढची एक जुनी दगडी बांधणीची विहीर, सहा-सात मीटर व्यास, आत उतरायला पायऱ्या. मालक सत्तरीचे, गाव त्यांना तात्या म्हणतं. सकाळी मोटर सुरू झाली. गावाकडची मुलगी टेप सोडत होती, जर्मनीहून आलेला मुलगा वहीत आकडे घालत होता. तासाभराने पाणी दोन हात उतरलं आणि उत्तरेच्या भिंतीत, कातळ आणि त्यावरचा मुरूम यांच्या सांध्यात, बोटभर जाडीची धार दिसू लागली. तात्यांनी काठी तिकडे केली. ‘‘पोरी, खरा झरा तो. खालनं काय येत नाही. तो लागला की पातळी थांबल बघ.’’ आणि खरंच, पुढची बारा मिनिटं टेपवरचा आकडा जवळजवळ हलला नाही. मुलाने आलेखाचा कागद काढला, तिथल्या तिथे बिंदू मांडले, रेषा आडवी झालेली तात्यांना दाखवली. तात्यांनी चष्मा वर करून ती पाहिली आणि विचारलं, हा कागद मला ठेवता येईल का?

मुलाने कागद दिला. मग त्याने दुसऱ्या कागदावर तेच बिंदू पुन्हा मांडले, आणि परतताना गाडीत मला विचारलं की या सकाळचे तास कुठल्या रकान्यात लिहायचे. मुलगी शेजारीच बसली होती. तिने त्याच्या वहीत सातव्या रकान्यावर बोट ठेवलं.