घरच्या कॅमेऱ्यात माणूस रुंद का दिसतो?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्याला लागून आपल्या समाजाच्या ज्या वाड्या आहेत, तेथील कितीतरी घरांना वर्षातील बराच काळ कुलूप असते. जी उघडी असतात त्यांत बहुधा म्हातारे आईवडीलच राहतात, कारण कर्ती मुले मुंबई, ठाणे, पनवेलला पोटापाण्यासाठी गेलेली. त्यामुळे हल्ली पडवीच्या वाशाला एखादा कॅमेरा आणि ओटीवर डीव्हीआरचा डबा बसवण्याची चाल पडली आहे. मुलगा विक्रोळीत कामावर असतो आणि गावचे अंगण त्याच्या मोबाईलवर दिसते. सोय उत्तमच आहे. परंतु अनेक घरांत ते चित्र आडवे ताणलेले किंवा उभे ओढलेले दिसते, आणि 'दिसतंय ना, मग झालं' म्हणून कोणी तिकडे लक्ष देत नाही.

वाचकहो, हे एवढे सोपे नाही. कॅमेरा घेतला तो माणूस ओळखण्यासाठी. सडपातळ माणूस जाडजूड दिसला, उंच माणूस बुटका दिसला, तर ओळख चुकते आणि चुकीच्या माणसावर संशय जातो. संशय आधी कोणावर जातो हे आपणास सांगायला नको. आदिवासी वाडीतला पोरगा, भंगार गोळा करणारा, पालावरचा माणूस. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण नजर लगेच बदलत नाही. अशा नजरेच्या हाती वेडेवाकडे चित्र देणे म्हणजे एखाद्या निरपराध घरावर पोलीस पाठवणे होय.

पहिल्या नजरेचा भरवसा किती धरावा याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. १९९३ च्या आरंभी शेखाडीला स्फोटके उतरली, तेव्हापासून हा पट्टा सावध आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ रायफली असलेली बेवारस नौका लागली तेव्हा सारा जिल्हा हादरला. पुढे कळले की ती मस्कतहून युरोपकडे निघालेली, इंजिन बिघडल्याने सोडून दिलेली नौका होती. सावध राहावे, पण पाहावे ते नीट पाहावे.

आपले चित्र बिघडले आहे की नाही हे पाहण्यास मिस्त्री लागत नाही. घरातील स्टीलची थाळी घ्या. एकाने अंगणात कॅमेऱ्यासमोर, चित्राच्या मधोमध, थाळीचे तोंड थेट कॅमेऱ्याकडे करून धरावी. दुसऱ्याने टीव्हीवर टेपने थाळीची रुंदी आणि उंची मोजावी. दोन्ही सारखी आली तर चित्र ठीक. रुंदी जास्त भरली तर चित्र आडवे ताणले आहे, उंची जास्त भरली तर उभे.

आडवे ताणण्याचे नेहमीचे कारण असे. पाच मेगापिक्सेलचे बरेचसे कॅमेरे २५६० बाय १९२० असे चित्र घेतात, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. आजचा टीव्ही मात्र सोळास नऊ या मापाचा. डीव्हीआर ते चित्र टीव्हीभर पसरवतो आणि माणूस सव्वापटीहून अधिक, नेमके सांगायचे तर एक तृतीयांशाने, रुंद होतो. यावर उपाय डीव्हीआरच्या मेन्यूतच असतो. चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबले की बऱ्याच यंत्रांत 'ओरिजिनल रेशो' किंवा तशाच नावाची निवड मिळते. ती केल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. पट्ट्या आल्या म्हणून कोणी घाबरू नये, उलट तेच बरोबर आहे. टीव्हीच्या रिमोटवरील 'पिक्चर साइझ'सुद्धा तपासावी. ती कधी 'झूम'वर राहते आणि चित्राच्या कडा कापल्या जातात.

मोबाईलचा घोळ निराळा. नेट वाचावे म्हणून मोबाईलवर बहुधा हलके, दुय्यम चित्र येते, ज्यास सबस्ट्रीम म्हणतात. त्याचे माप ७०४ बाय ५७६ असले आणि मूळ कॅमेरा सोळास नऊचा असला, तर माणसे सोट्यासारखी उंच दिसतात. सबस्ट्रीमसाठी ६४० बाय ३६० असे माप मिळत असेल तर ते निवडावे. नाहीतर नीट पाहायचे असेल तेव्हा एचडीचे बटण दाबावे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे स्वस्त डीव्हीआरवरील '१०८० एन' हा पर्याय. नाव ऐकून पूर्ण चित्र वाटते, पण साठवले जाते फक्त ९६० बाय १०८०, म्हणजे रुंदी निम्मीच. डीव्हीआर स्वतः दाखवताना ते ताणून सारखे करतो, म्हणून घरात काही कळत नाही. तेच चित्रण पेनड्राइव्हवर घेऊन संगणकावर लावले की कित्येकदा माणूस निम्म्या रुंदीचा होतो. आमचे मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर १०८० पी ठेवावे, नाहीतर ७२० पी. काही यंत्रांत १०८० पी केल्यावर दर सेकंदाची चित्रे कमी होतात, हालचाल थोडी तुटक दिसते. दिसू द्यावी. पडवीत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा महत्त्वाचा.

थाळी मधोमध गोल दिसते पण कडेला नेली की बिघडते, दाराची चौकट धनुष्यासारखी वाकते, असे असेल तर दोष लेन्सच्या रुंद नजरेचा आहे. २.८ मिलीमीटरची लेन्स सारे अंगण घेते, पण कडा वाकवते. दारापुरते पाहायचे असेल तर ४ किंवा ६ मिलीमीटरची बरी. कॅमेरा छपराजवळ फार उंच टांगला तर डोकेच मोठे दिसते आणि उंची कळत नाही. आठ-नऊ फुटांवर बसवावा.

खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचा थर बसतो तो प्रकार वेगळा. त्याने चित्र धूसर होते, ताणले जात नाही. गोड्या पाण्याने ओला केलेला मऊ फडका पुरतो. वायरीचे टोक गंजले असेल तर मात्र ते बदलावेच लागते.

आता पोलिसांकडे जाण्याची वेळ आलीच तर एक गोष्ट पक्की धरावी: मूळ चित्रणास हात लावू नये. ताणलेले चित्र सरळ करून, कापून, नवी फाइल करून देऊ नये. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये 'ए' हे बटण दाबत गेले की दाखवण्याचे माप बदलते आणि फाइल तशीच राहते. जालन्याच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल तर नकलेसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आला आहे. डीव्हीआर जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहीत जातो, म्हणून घटना घडल्याच्या दिवशीच नक्कल घ्यावी आणि डीव्हीआरचे घड्याळ किती पुढे-मागे आहे ते कागदावर लिहून ठेवावे.

माप सरळ केल्यावर चित्रात काय काय येते तेही एकदा पाहून घ्यावे. वाडीत घराला घर लागून असते. शेजारणीची न्हाणी किंवा तिचे मागचे दार दिसत असेल, तर कॅमेरा वळवावा किंवा मेन्यूतील 'प्रायव्हसी मास्क'ने तेवढा भाग झाकावा. हे काम पुढच्या सुट्टीला मुलगा गावी आला की त्याच्याकडून, आईला शेजारी बसवून, करून घ्यावे. बटणे तिलाही कळली पाहिजेत, कारण रात्री घरात तीच असते.