आयरलिक्योर: बलक, साखर आणि मंद आच

जर्मनीत ईस्टर आणि नाताळ या दोन्ही सणांना घरोघरी दिसणारं पिवळंधमक, दाट पेय म्हणजे आयरलिक्योर, अर्थात अंड्याचं लिकर. दुकानात ते वर्षभर मिळतं. बॉनची फेरपोर्टन ही कंपनी 1876 पासून या धंद्यात आहे. तरीही सणाच्या आधी स्वतः बाटल्या भरून नातलगांना भेट देणारी घरं पुष्कळ आहेत. युरोपीय संघाच्या नियमानुसार या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयात किमान 14 टक्के मद्यार्क आणि लिटरमागे किमान 140 ग्रॅम बलक व 150 ग्रॅम साखर असावी लागते. घरच्या कृतीला हा नियम लागू नाही, पण प्रमाण ठरवायला तो चांगला आधार आहे.

साधारण 800 मिलिलिटरसाठी आठ ताज्या अंड्यांचे बलक, 250 ग्रॅम पिठीसाखर, 200 मिलिलिटर क्रीम, 300 मिलिलिटर पांढरी रम आणि एका व्हॅनिला शेंगेतला गर लागतो. काही जण रमऐवजी डोपेलकोर्न वापरतात. धान्यापासून गाळलेल्या या मद्याची चव फारशी जाणवत नाही आणि व्हॅनिला पुढे येते. साधी साखर मात्र टाळावी. ती नीट विरघळली नाही तर पेय जिभेवर रवाळ लागतं.

बलक, साखर आणि व्हॅनिला इतकं फेटायचं, की रंग फिकट होतो आणि फेटणी उचलल्यावर मिश्रणाची जाड धार पडते. मग क्रीम घालायचं. मद्य सर्वांत शेवटी, बारीक धारेने, फेटणं न थांबवता. एकदम ओतलं तर मद्यार्कामुळे बलकातली प्रथिनं जागच्या जागी गोठून बारीक कण धरतात.

खरी कसोटी यानंतर. पातेल्यात पाणी तापवून त्यावर मिश्रणाचं भांडं असं बसवायचं, की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. पाणी उकळू द्यायचं नाही. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग वरचा फेस विरत जातो, फेटणीला किंचित जडपणा येतो आणि कडेला मागे रेघ उमटू लागते. 70 अंश सेल्सिअसच्या आसपास थांबावं. फार पुढे गेलं तर अंडं फुटून भुर्जी होते आणि मद्यार्कही उडू लागतो. थर्मामीटर नसेल तर जर्मन स्वयंपाकी लाकडी चमचा बुडवून त्याच्या पाठीवर हलकी फुंकर मारतात; थरावर गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या वळ्या उठल्या की झालं. ही आच टाळून कच्च्या बलकाचं लिकर करणारेही आहेत, पण साल्मोनेलाचा धोका लक्षात घेता ही काटकसर शहाणपणाची नाही.

भांडं लगेच थंड पाण्यात ठेवून ढवळत राहायचं, मिश्रण गाळायचं आणि उकळत्या पाण्याने धुतलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीत भरायचं. निमुळत्या मानेची बाटली उपयोगाची नाही, कारण थंड झाल्यावर लिकर बासुंदीपेक्षाही दाट होतं आणि धड ओतता येत नाही. ते चॉकलेटच्या छोट्या कपात भरून कपासकट खातात, आइस्क्रीमवर घालतात, केकच्या पिठातही मिसळतात. अंड्यांच्या उरलेल्या पांढऱ्या भागाची नाताळात नारळाची माक्रोनेन बिस्किटं होतात.

बाटली फ्रिजमध्येच ठेवावी, काही आठवड्यांत संपवावी आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.