डाव वाढतो, भांडवल संपते

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदिया शहरातील एका घरावर छापा घातला, तेव्हा सुमारे १४ कोटी रुपयांची रोकड आणि ४ किलो सोने हाती लागले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून ही कारवाई झाली होती. गोंदियातील एका सट्टेबाजाच्या आग्रहाला बळी पडून त्याने ८ लाख रुपये गुंतवून ऑनलाइन जुगाराला आरंभ केला. सुरुवातीला यश आले. पुढे मात्र जिंकलेले ५ कोटी आणि हरलेले ५८ कोटी, असा हिशेब तक्रारीत मांडला गेला.

या प्रकरणात फसवणुकीचा आरोप आहे आणि त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु लहान डावात मिळालेले यश माणसाला मोठ्या डावाकडे कसे ओढून नेते, हा प्रश्न त्यापलीकडचा आहे. पोकर या पत्त्यांच्या खेळातील जाणकारांनी त्याचे उत्तर अंकगणितात शोधले आहे.

त्यांचा पहिला दंडक असा, की खेळाचे भांडवल घरखर्चापासून पूर्णपणे वेगळे असावे. दुसरा, एका बैठकीत त्या भांडवलाचा अल्पसा हिस्साच पणाला लावावा. अमेरिकी खेळाडू ख्रिस फर्ग्युसन याने २००६ च्या सुमारास शून्यापासून १० हजार डॉलरपर्यंत मजल मारताना एका टेबलावर ५ टक्क्यांहून अधिक रक्कम न नेण्याचे बंधन स्वतःवर घातले होते.

या ५ टक्क्यांमागील तर्क सोपा आहे. उरलेल्या रकमेच्या ५ टक्के याप्रमाणे सलग दहा डाव हरले, तरी सुमारे ६० टक्के भांडवल शिल्लक राहते. हेच प्रमाण २० टक्के असेल, तर जेमतेम ११ टक्के उरते. शिवाय निम्मे भांडवल गेले, की ते भरून काढण्यासाठी उरलेले दुप्पट करावे लागते.

एक लाखाचे भांडवल असलेल्याने पाच हजारांच्या टेबलावर बसावे. भांडवल १ लाख २० हजार झाले, की दहा हजारांचे टेबल खुणावू लागते. तेथे चार वेळा हरल्यास एक तृतीयांश भांडवल जाते. जुन्या टेबलावर हीच हानी एक षष्ठांश असते. म्हणून दोन लाख जमेपर्यंत थांबणे आणि रक्कम घटताच निमूटपणे खालच्या टेबलावर परतणे, हाच नियम. वर चढणे सर्वांनाच जमते. खाली उतरताना मात्र अहंकार आड येतो. नेमके तेव्हाच हरलेले एका डावात वसूल करण्याची बुद्धी होते.

तथापि, या शिस्तीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. टेबलमालकाची नाल वजा जाता ज्याचे कौशल्य दीर्घकाळात नफा देते, त्यालाच ती तारते. कौशल्य नसलेल्याचा नाश ती फक्त लांबवते. आणि पाने वाटणाराच लबाड असेल, तर कोणतेही गणित उपयोगी पडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यात कौशल्याच्या खेळांनाही सूट नाही. गोव्यातील परवानाधारक कॅसिनोंत प्रत्यक्ष पोकर चालतो, पण तेथेही नाल चुकत नाही.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. कितीही चांगला भाव आला, तरी येथील शेतकरी बियाण्यासाठी राखलेले धान गिरणीत पाठवीत नाही. बँकरोल या भारदस्त शब्दाचा अर्थ याहून फारसा वेगळा नाही. ज्याला बियाणे कोणते आणि विकायचे धान कोणते हे सांगता येत नाही, त्याने वरच्या टेबलाकडेच नव्हे, तर कोणत्याच टेबलाकडे वळू नये.